मावशींचा कोड कोणता? धोरण संशोधनात पहिल्यांदा येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

पदवीचे निकाल लागले की मला वाशीम, गडहिंग्लज, अंबाजोगाई अशा गावांहून फोन सुरू होतात. कुणीतरी कुणाकडून तरी माझा नंबर घेतलेला असतो. "मॅडम, मला सरकारी धोरणांच्या अभ्यासात काम करायचंय. सुरुवात कुठून करू? माझं इंग्रजी तेवढं चांगलं नाही." शेवटचं वाक्य आवाज खाली आणून सांगितलं जातं.

गेली बरीच वर्षं मी सर्वेक्षणांच्या कामात आहे. आधी प्रश्नावल्या भरणारी म्हणून गावोगाव फिरले, आता विद्यार्थ्यांच्या तुकड्या घेऊन जाते. त्या अनुभवावरून सांगते, ज्या मुलीला एकर आणि गुंठा कळतो, पोळा कधी येतो ते ठाऊक आहे, ‘उचल घेतली’ म्हणजे काय हे विचारावं लागत नाही, ती या कामाची निम्मी पात्रता घरातूनच घेऊन आलेली असते. उरलेली निम्मी शिकता येते. ती कशी, त्यासाठी हा लेख.

आधी हे समजून घ्या की धोरण केंद्रात चालतं काय

‘अनुशेष’ हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात शेकडो वेळा वाचला असेल. विदर्भाचा अनुशेष, मराठवाड्याचा अनुशेष. हा शब्द राजकारणात इतका रुळला तो एका अभ्यासामुळे. १९८३ मध्ये राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबतीत राज्याची सरासरी किती, आपला जिल्हा तिच्यापेक्षा किती मागे, आणि ती तूट भरायला किती पैसा लागेल, असा तो हिशेब होता. त्यावरची भांडणं आजही मिटलेली नाहीत, पण भांडायला आकडा मिळाला. दांडेकर त्याआधी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. १९३० मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांच्या काळात संस्थेची माणसं वाई तालुक्यात शेतकऱ्यांच्या घरी बसून शेतीचा जमाखर्च मांडत होती.

धोरण केंद्राचं, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं किंवा विभागाचं, काम आजही त्याच वळणाचं आहे. एखादा प्रश्न ठरतो. त्यावर प्रश्नावली बनते, तिला आम्ही शेड्यूल म्हणतो. दोनचार गावांत ती आधी चालवून बघतात, मग खरं सर्वेक्षण होतं. भरून आलेल्या शेड्यूलची छाननी होते, माहिती संगणकात जाते, तक्ते निघतात, अहवाल लिहिला जातो. कधी तो मंत्रालयात सादर होतो, कधी कपाटात जातो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर विद्यार्थ्याला आत शिरता येतं. आणि प्रत्येक टप्प्यावर मराठी नीट येणारं माणूस कमीच असतं.

दार कुठलं ठोठवायचं

पुण्यात गोखले संस्था बीएमसीसी रस्त्यावर आहे, आणि तिच्या आवारातलं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय हा अभ्यास करणाऱ्याचा मोठा आधार आहे. मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था. १९३६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचं दुसरं आवार तुळजापूरला आहे, आणि मराठवाड्यातल्या मुलांनी ते विसरू नये. देवनारलाच लोकसंख्येचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे ज्यातून कुपोषणाचे आणि बालविवाहाचे आकडे येतात ते, या संस्थेकडून होतं. त्याची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. पवईला आयआयटीत ‘सितारा’ नावाने ओळखलं जाणारं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून आहे, शिवाय धोरण अभ्यासाचं वेगळं केंद्रही आहे. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग.

नावं मोठी आहेत म्हणून सगळ्यांनी पुण्या-मुंबईलाच धावलं पाहिजे असं मुळीच नाही. कोल्हापूर, नांदेड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ, इथल्या अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र विभागांतही प्रकल्प चालतात. तिथे अर्ज कमी येतात, प्राध्यापक भेटतात, आणि घरचा डबा नेता येतो. ज्याच्या खिशाला पुण्यातली खोली परवडत नाही त्याने जवळच्या विद्यापीठात एक उन्हाळा काढावा, असंच मी सांगते.

संस्थेच्या सर्वसाधारण पत्त्यावर मेल टाकून उत्तराची वाट बघत बसू नका. संस्थेच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांची पानं असतात. कोण कशावर काम करतंय ते वाचा. पाणी, शाळा, स्थलांतर, नगरपालिका, शेतमालाचे भाव, यातला तुमचा जीव कशात अडकतो ते बघा आणि त्या एका माणसाला लिहा.

कामाचे प्रकार, आणि पैशाची गोष्ट

स्वयंसेवक म्हणजे काही दिवसांपुरती मदत. परिषदेत नोंदणीचं टेबल सांभाळणं, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून शब्दश: लिहून काढणं, मराठी कागदपत्रांचा सारांश करणं. याला बहुधा मानधन नसतं. इंटर्नशिप महिना-दोन महिन्यांची. काही ठिकाणी विद्यावेतन मिळतं, काही ठिकाणी नुसतं प्रमाणपत्र. क्षेत्र अन्वेषक, म्हणजे ज्याला सगळे ‘सर्व्हेला जाणं’ म्हणतात ते काम, दिवसावर किंवा शेड्यूलवर पैसे देतं, आणि प्रवास व राहणं वेगळं. संशोधन साहाय्यक हे नोकरीसारखं, बहुधा पदव्युत्तर पदवीनंतरचं.

पैशाबद्दल विचारायला लाजू नका. "मानधन किती, प्रवासखर्च कधी मिळेल, मुक्कामाची सोय कोण करणार?" हे तीन प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी विचारायचे आणि उत्तर लेखी घ्यायचं, मेलवर घेतलं तरी चालतं. माझ्या पहिल्या कामात मी हे विचारलं नव्हतं. एसटीची तिकिटं चार महिने पाकिटात घेऊन फिरत होते, आणि त्या पैशांसाठी घरी खोटं सांगावं लागलं होतं. गावात दिवसभर फिरून शेड्यूल भरायची असतील तर ते मजुरीचं काम आहे. त्याला कुणी ‘अनुभव मिळेल’ एवढंच म्हणत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. ध्वनिमुद्रण लिहून काढण्याचंही तसंच. तासाभराच्या मुलाखतीला चार-पाच तास सहज जातात.

श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा, मार्गही आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण), फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभागाचा प्रकल्प असे घटक आले आहेत. इंटर्नशिपसाठी एका श्रेयांकाला ३० तास धरतात, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास. बरीच मुलं हे तास जवळच्या दुकानाचं नाहीतर ओळखीच्या कार्यालयाचं पत्र आणून उरकतात. तेच तास धोरण केंद्रात भरता येतात. त्यासाठी महाविद्यालयाच्या समन्वयकाला आधी विचारा आणि केंद्राकडून तासांची नोंद असलेलं पत्र मिळेल याची खात्री करा.

एक घोटाळा नेहमी होतो तो इथेच सांगून टाकते. ‘एनएसएस केलंय का?’ असं केंद्रात कुणी विचारलं तर त्याचे दोन अर्थ होतात. एक राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ पासूनची, जिच्यात दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. दुसरी राष्ट्रीय नमुना पाहणी, १९५० पासूनची, जिच्यातून देशातल्या रोजगाराचे आणि खर्चाचे आकडे येतात. सेवा योजनेच्या शिबिरात गावात राहिला असाल तर अर्जात ते जरूर लिहा. पण कुठल्या गावात, काय केलं, काय दिसलं, ते लिहा.

अर्जाआधीचे तीन आठवडे

इथे मी थोडा हट्ट धरते. अर्ज करण्याआधी तुमच्या हातात स्वत: लिहिलेलं दोन पानांचं टिपण हवं. विषय तुमच्याच तालुक्यातला एक. ‘महाराष्ट्रातील शिक्षण’ असला विषय घेऊ नका. ‘आमच्या तालुक्यातल्या वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा’ हा विषय आहे. ‘गावातली नळयोजना उन्हाळ्यात किती दिवस चालली’ हाही आहे.

पहिल्या आठवड्यात कागद शोधा. राज्य सरकारचे शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात. प्रत्येकावर १८ अंकी संकेतांक असतो, आणि त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शासन निर्णय वाचायची एक रीत आहे. आधी ‘प्रस्तावना’ वाचा, सरकारला प्रश्न कसा दिसतोय ते तिथे कळतं. मग ‘वाचा’ या शीर्षकाखाली दिलेले जुने निर्णय बघा आणि त्यातला निदान एक काढून वाचा. खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यावर, टाकलाय ते शोधा. लेखाशीर्षाचा पत्ता नसेल तर पैसा कुठून येणार हा प्रश्न टिपणात लिहायलाच हवा.

दुसऱ्या आठवड्यात आकडे. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी राज्याची आर्थिक पाहणी काढतं, आणि ती मराठीतही असते. प्रत्येक जिल्ह्याचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ असतं. ते फार थोडे लोक उघडतात. तालुकावार शाळा, दवाखाने, सिंचन, पशुधन, सगळं त्यात एका ठिकाणी सापडतं. जनगणनेचे गावपातळीवरचे आकडे हाती आहेत ते २०११ चे, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणून २०११ चा आकडा वापरताना वर्ष वाक्यातच लिहा, तळटीपेत ढकलू नका. देशपातळीवरच्या श्रमबल सर्वेक्षणाची घराघराची माहिती नाव-गाव काढून संशोधकांसाठी खुली ठेवलेली असते. ती तुम्हाला आज वापरता आली नाही तरी चालेल, पण तिची प्रश्नावली उतरवून वाचा. चांगला प्रश्न कसा विचारतात ते शिकायला याहून चांगला क्लास नाही.

कागद मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून नेमकं मागायला शिका. "नळयोजनेची सर्व माहिती द्यावी" असं लिहिलं की हाती काही लागत नाही. "अमुक योजनेच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत" असं मागा.

तिसऱ्या आठवड्यात माणसं. विषयाशी संबंधित तीन जणांशी बोला. शाळेचा विषय असेल तर एक शिक्षक, एक आई, आणि पोरांना रिक्षाने दुसऱ्या गावच्या शाळेत सोडणारा एक जण. मग लिहा. सोपी मराठी, छोटी वाक्यं, शेवटी अजून न सुटलेला एक प्रश्न. एवढं टिपण हातात असलेल्या विद्यार्थ्याला नाही म्हणायला कुठल्याही प्राध्यापकाला जड जातं.

पत्र कसं असावं

मेल छोटा हवा. मोबाइलच्या पडद्यावर दोनदा सरकवून संपला पाहिजे. प्राध्यापक मराठी असतील तर मराठीत लिहा, नसतील तर साध्या इंग्रजीत. इंटरनेटवरून उचललेला ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत’ छापाचा मजकूर पहिल्याच ओळीत ओळखू येतो. मी विद्यार्थ्यांना हा नमुना देते:

‘आदरणीय मॅडम, मी उदगीरच्या महाविद्यालयात बी. ए. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या शाळेवर आपण काम करता हे आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर वाचलं. आमच्या गावातून दरवर्षी दसऱ्यानंतर कोयते जातात. त्या काळात गावच्या शाळेची हजेरी कशी बदलते यावर मी दोन पानांचं टिपण लिहिलं आहे, सोबत जोडत आहे. मे आणि जून हे दोन महिने मला पूर्ण वेळ काम करता येईल. क्षेत्रभेटी, मराठी मुलाखती लिहून काढणं आणि माहितीची नोंद ही कामं मी करू शकते. एक्सेल येतं, बाकी शिकेन. आपल्या प्रकल्पात जागा असेल तर कृपया कळवावं.’

यात गुणपत्रिका नाही, छंद नाहीत, ‘मला समाजासाठी काहीतरी करायचंय’ हेही नाही. काय वाचलं, काय केलं, कधी मोकळी आहे, काय येतं, एवढंच आहे. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळी लिहा. तरीही आलं नाही तर दुसऱ्या माणसाला लिहा. त्यात अपमान काही नाही, परीक्षांच्या दिवसांत प्राध्यापकांचे मेल खरंच वाहून जातात. उन्हाळ्याची इंटर्नशिप हवी असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच लिहायला लागा. एप्रिलमध्ये जागा भरलेल्या असतात.

पहिला आठवडा: शेड्यूल आणि कोड

आत गेल्यावर पहिले काही दिवस तुम्हाला बहुधा छाननीला बसवतील. भरून आलेल्या शेड्यूलचा गठ्ठा, लाल पेन आणि कोडची यादी. कंटाळू नका. हे मन लावून केलेला मुलगा पुढे गावात चुकत नाही.

कोड म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक त्यातच झाली. नमुना पाहणीत माणूस काय काम करतो त्याला आकडे दिलेले असतात. स्वत:चा धंदा किंवा शेती असेल तर ११. घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार असेल तर २१. पगारी नोकरी ३१, इतरांकडे रोजंदारी ५१, शिक्षण ९१. फक्त घरकाम असेल तर ९२, आणि घरकामासोबत सरपण, चारा गोळा करणं किंवा घरच्यापुरतं शिवणकाम असेल तर ९३.

पहिल्या सर्वेक्षणात मी सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवर होते. उंबऱ्याशी एक मावशी शेंगा फोडत बसलेल्या. मी विचारलं, "मावशी, तुम्ही काय काम करता?" त्या म्हणाल्या, "मी कुठलं काम करते बाई, घरीच असते." मी ९२ लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. त्या दिवशी मी चौदा घरं केली आणि चौदाही घरांत बायकांच्या पुढे ९२ लिहिलं. रात्री शाळेच्या खोलीत आमच्या पर्यवेक्षक बाईंनी गठ्ठा चाळला, वर बघितलं आणि एकच विचारलं, "त्या घरात म्हशी किती होत्या?" दोन होत्या. "धार कोण काढतं?"

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. मावशींना तेच वेगळ्या तऱ्हेने विचारलं. सकाळी उठल्यापासून काय काय करता? पहाटे पाचला उठून शेण काढायचं, धार काढायची, कॅन घेऊन डेअरीवर जायचं, आल्यावर स्वयंपाक. दुपारी बांधावरचं गवत, संध्याकाळी पुन्हा धार. दुधाचं बिल मालकांच्या खात्यावर. हे वर्षभर चालतं. त्यांचा मुख्य वेळ घरकामात जातो असं धरलं तरी वर्षात तीस दिवसांहून जास्त त्या घरच्या दुधाच्या धंद्यात राबतात, म्हणून दुय्यम कामाच्या रकान्यात २१ लागतोच. माझ्या एका घाईच्या प्रश्नाने ते काम कागदावरून पुसलं गेलं होतं. अशी चौदा घरं. महाराष्ट्रातल्या बायका काम करत नाहीत असं सांगणारे तक्ते निघतात तेव्हा त्यात माझ्यासारख्या अन्वेषकांचीही चूक मिसळलेली असते.

याला आमच्यात ‘प्रोब करणं’ म्हणतात. पहिलं उत्तर मिळालं की थांबायचं नाही, दिवसाचा क्रम विचारायचा.

गावात

गावात गेल्यावर आधी ग्रामपंचायतीत जा, संस्थेचं पत्र दाखवा, सरपंच आणि पोलीस पाटील यांना कळवा. गळ्यात ओळखपत्र हवंच. पण सरपंचांनी सुचवलेल्या घरांतच गेलात तर सर्वेक्षण संपलं असं समजा. यादीत जे घर आलंय तेच घर, मग ते गावकुसाबाहेर असो की शेतातल्या वस्तीवर. कुलूप असेल तर तीनदा जायचं.

बसल्यावर आधी तुम्ही कोण, कुठून आलात, माहिती कशासाठी, नाव कुठेही छापलं जाणार नाही, एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर चालेल, हे सगळं सांगायचं आणि संमती घ्यायची. हे पाठ केलेल्या गाण्यासारखं म्हणू नका. समोरच्या आजींना कळलं का ते बघा. मग हमखास प्रश्न येतो: "घरकुलाच्या यादीत आमचं नाव लागंल का?" किंवा "लाडक्या बहिणीचा हप्ता आला नाही, तेवढं बघा ना." इथे मन घट्ट करावं लागतं. होय म्हणायचं नाही, बघते असंही म्हणायचं नाही. "ताई, मी सरकारची नाही, माझ्या हातात ते नाही" असं स्पष्ट सांगायचं, आणि तक्रार कुठे करायची ते ठाऊक असेल तर तेवढं सांगायचं. तुमचं एक खोटं आश्वासन पुढच्या पाच वर्षांच्या अन्वेषकांना त्या गावात नडतं. आधारचा नंबर, बँकेचा नंबर, मोबाइलवर आलेला ओटीपी, यांतलं काहीही विचारायचं नाही. शेड्यूलमध्ये असा रकाना दिसला तर पर्यवेक्षकांना विचारल्याशिवाय भरू नका.

तुमचं मराठी कामाला येतं ते इथे. शेड्यूलमध्ये जमीन हेक्टरमध्ये मागितलेली असते, सातबाऱ्यावरही हेक्टर-आर असतं, पण समोरचे काका अडीच एकर दहा गुंठे सांगतात. एकर म्हणजे चाळीस गुंठे, हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. काका सांगतात तसंच बाजूला लिहून ठेवा आणि रूपांतर रात्री करा. सोयाबीन ‘एकरी सात पोती’ झालं तर पोतं किती किलोचं ते विचारा, दोन गावांत ते सारखं नसतं. ‘गेल्या ३६५ दिवसांत’ असा प्रश्न जसाच्या तसा वाचला तर समोरचा माणूस छताकडे बघतो. "मागच्या पाडव्यापासून ह्या पाडव्यापर्यंत" म्हटलं की हिशेब सुरू होतो. खर्चाला दिवाळी आणि जत्रा, पेरणीला मृग, बैलाच्या खरेदी-विक्रीला पोळा. उत्पन्न एकरकमी कधीच विचारू नका. पिकामागून पीक, मग दूध, मग मजुरी, मग पोराने पुण्याहून पाठवलेले पैसे.

वेळही बघा. बीड, धाराशिवच्या काही गावांत दसरा-दिवाळीनंतर गेलात तर निम्मी घरं बंद. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली, उसाच्या फडावर गेलेली. त्या वेळी केलेल्या सर्वेक्षणात गाव म्हाताऱ्यांचं दिसतं. हे केंद्रात बसलेल्यांना सांगायची जबाबदारी त्या गावच्या विद्यार्थ्याची आहे. तारखा ठरत असतानाच बोला.

मुलींसाठी थोडं वेगळं. दोघींनीच जायचं, शेवटची एसटी किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवायचं, मुक्काम ओळखीच्या घरी किंवा संस्थेने ठरवलेल्या जागीच करायचा. कुणी कितीही प्रतिष्ठित असला तरी एकटीने आतल्या खोलीत बसून शेड्यूल भरायचं नाही. अर्धवट ठेवून उठलात तर कुणी रागावणार नाही. रागावणारा पर्यवेक्षक असेल तर केंद्रातल्या वरिष्ठांना आणि अंतर्गत तक्रार समितीला कळवा. ही समिती कायद्याने असावीच लागते.

रात्रीचं काम

टॅबवर भरा की कागदावर, झोपण्याआधी त्या दिवसाची सगळी शेड्यूल पुन्हा वाचायची. बायको १९ वर्षांची आणि मोठा मुलगा १५ चा, अशा चुका त्याच रात्री सापडतात. दोन दिवसांनी कुणाचं घर कुठलं ते आठवत नाही. शिवाय एक साधी वही ठेवा आणि शेड्यूलमध्ये न बसलेलं सगळं तीत लिहा. माझ्या अशा वह्यांतूनच पुढच्या सर्वेक्षणांचे बरेच प्रश्न निघाले.

झाडाखाली बसून मनाने भरलेलं शेड्यूल हा या कामातला गुन्हा आहे. पाय दुखतात, ऊन असतं, यादीतलं घर दीड किलोमीटरवर असतं, मला सगळं ठाऊक आहे. घर झालं नाही तर ‘झालं नाही’ असं लिहा. रिकामा रकाना आम्हाला दिसतो आणि त्याची सोय करता येते. खोटा रकाना दिसत नाही. तो तक्त्यात जातो, तिथून अहवालात जातो, आणि मग कुणाच्या तरी रेशनवर नाहीतर शाळेवर निर्णय होतो.

परत आल्यावर

माहितीची सफाई, साधे तक्ते, आलेख, हे एक्सेलवर सुरू करा. नंतर ‘आर’ हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिका, ते फुकट आहे. अहवालात तुमच्या कामाची नोंद कशी होणार ते विचारा. आभाराच्या पानावर नाव ही कमीत कमी अपेक्षा आहे. एखादं प्रकरण तुम्ही लिहिलं असेल तर लेखक म्हणून नाव मागा, आणि हे बोलणं काम सुरू असतानाच करा. शिफारसपत्र मागताना तुम्ही काय काय केलं त्याची यादी प्राध्यापकांना स्वत: द्या, त्यांना सगळं आठवत नाही.

एक काम मात्र केंद्र तुम्हाला सांगणार नाही, ते तुम्ही मागून घ्या. अहवाल छापून झाला की त्यातलं मुख्य एका पानावर मराठीत लिहा आणि ज्या गावांनी वेळ दिला तिथे घेऊन जा. त्या वाडीवर मी दीड वर्षाने असं पान घेऊन गेले होते. मावशी गोठ्यात होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून धार होईपर्यंत मी ते वाचून दाखवलं. दुधाच्या ओळीपाशी त्यांनी मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "ह्यात पेंडीचा भाव नाही लिवला."

खरंच नव्हता, आम्ही तो विचारलाच नव्हता. पुढच्या शेड्यूलमध्ये पशुखाद्याचा खर्च वेगळ्या रकान्यात घेतला. म्हणून पान घेऊन जाताना वही आणि पेनही सोबत ठेवा. पानावरचं अक्षर मोठं असू द्या, आकडे दहापेक्षा जास्त नकोत, कुणाचंही नाव नको, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचं असेल तर ग्रामसेवकांना आदल्या दिवशी फोन करून विचारा.